विषय : हेडफोनबाबत तक्रार

५ जानेवारी, रविवार

आज बेळगावच्या कॅम्पात भर दुपारी बारा वाजता नागेंद्रनं मला ओळख दिली नाही. मी रस्त्याच्या अलीकडे, तो पलीकडे, मध्ये फक्त एक रिक्षा. मी हात वर केला, चांगला वाहतूक पोलिसासारखा वर केला. त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं आणि निघून गेला. सत्तावीस वर्षांची ओळख. वडगावात त्याचे चार पॉवरलूम आहेत; माझ्याकडे कोर्टाजवळ एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स मशीन. इथं मराठी माणसाला सरकारपुढं कन्नडात रडावं लागतं, ते रडणं मी टाइप करून देतो. चार माग असलेल्या माणसाला असल्या मित्राची लाज वाटू शकते, मान्य. पण मग काल स्वतःहून फोन कशाला केलास?

फोन 'सत्त्याण्णव'साठी होता. हे नीट लिहून ठेवतो, नाहीतर उद्या ही वही कुणाच्या हाती लागली तर वाटायचं आम्ही कसली तरी चळवळ चालवतोय. सत्त्याण्णव हा मशीनवरचा मारामारीचा खेळ. त्या साली निघाला म्हणून ते नाव. पडद्यावरचं इंग्रजी नाव कॅम्पातल्या आमच्या पार्लरमध्ये कुणी कधी उच्चारलं नाही. आपण तीन गडी निवडायचे, समोरच्यानं तीन. एक पडला की दुसरा येतो, ज्याचा शेवटी उभा राहील तो जिंकला. मी निपाणीहून कॉलेजसाठी बेळगावात आलो आणि कॉलेजनं जे शिकवलं नाही ते या मशीननं शिकवलं. नागेंद्र माग बंद करून थेट यायचा, केसात कापूस. पार्लरमध्ये पहिला कोण, हा प्रश्न आम्हा दोघांतच फिरायचा.

पार्लर कधीच बंद झालं, तिथं आता केक मिळतात. खेळ मात्र बंद झालेला नाही. चीनमध्ये, मेक्सिकोत टक्कल पडलेली माणसं अजून हा खेळतात, त्याचे सामने भरवतात आणि एकेका लाथेवर अशी चर्चा करतात की आमच्या विधानसभेनं बघून शिकावं. आणि आता समर्थ नावाच्या निपाणीच्याच एका इंजिनिअरनं, मच्छे गावच्या कारखान्यात नोकरी करतो तो, २३ फेब्रुवारीला निपाणीत 'सीमा चषक' ठेवलाय. कोल्हापूरचेही खेळाडू येणार. काल नागेंद्र म्हणाला, "शिवराज, नाव घालूया." आणि आज ओळख नाही. काहीतरी शिजतंय.

१२ जानेवारी, रविवार

ओळखीचा विषय मी काढला नाही. त्यानंही काढला नाही. म्हणजे त्याला आठवतंय.

दुपारी आमच्याकडे सराव. नागेंद्र मंगलवहिनींना घेऊन बसनं आला. मोटरसायकल विकली म्हणे, गुडघे दुखतात. गुडघे दुखणारा माणूस बसच्या पायऱ्या चढतो हे कारण मला पटलं नाही. आमच्या दारात मंगलवहिनी हळूच म्हणाल्या, "पायरी हाय." आमच्या दाराला पायरी पंधरा वर्षांपासून आहे. घर जुनं आहे हे सुचवायचं असावं.

टीव्हीच्या पुढं वीतभरावर बसला आणि पिशवीतून मोठे हेडफोन काढले. तार लावली, आवाज सगळा त्याच्या कानात, मी मुक्या पडद्यावर खेळायचं. का, तर म्हणाला, "मागानं कान गेल्यात रं. ऐकाय येत न्हाय." बरं. तासाभरानं हेडफोन काढून ठेवलेले असताना याच कान गेलेल्या माणसानं स्वयंपाकघराकडे तोंडही न वळवता माझ्या बायकोला, रूपालीला सांगितलं, "वहिनी, कुकरची शिट्टी बसली न्हाय, बाजूनं वाफ चाललीय." खरंच चालली होती. खोटं क्रमांक एक, नोंद केली.

अकरा सामने झाले, सात त्याचे. इतका पुढं तो कधीच नव्हता.

मी एक जिंकत आलो होतो तेवढ्यात त्याच्या हाताचा धक्का लागून चहाचा पेला माझ्या कंट्रोलरवर. हात सरळ पेल्यावरच गेला. रूपाली म्हणाली माझी चूक, मी बाजूला ठेवला. लग्नाला एकवीस वर्षं झाली, माझ्यासमोर तिनं स्वतःची चूक कबूल केलेली ही पहिलीच.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. नागेंद्रला तिळगुळाचा संदेश लिहून पाठवला. उत्तर आलं, त्याच्या आवाजात: "लिहू नको. बोलून पाठवत जा." का बाबा? आवाज जपून ठेवता येतो, पुढं ऐकवता येतो. माझ्या धंद्यात माणूस पुरावा कसा गोळा करतो ते मला कळतं. मी परत लिहूनच पाठवला. तो त्यानं बघितलाही नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज धराधरीवरून वाजलं.

आमच्या पार्लरचा नियम होता, धरून आपटायचं नाही. खेळात जवळ जाऊन समोरच्याला उचलून आपटता येतं, त्याला काही उपाय नसतो, म्हणून ते भित्र्याचं काम. ज्या मुलखात कुस्ती बघायला माणसं गाव ओस पाडून जातात तिथं मशीनवर पकड निषिद्ध. हे कुणी ठरवलं ते कुणाला माहीत नाही, पण धरणाऱ्याला बाकड्यावरून उठवायचे. या नियमानं आम्ही चार वर्षं खेळलो आणि आपण जगात पहिले असं समजत राहिलो. गेल्या वर्षी मी इंटरनेटवर पहिल्यांदा बाहेरच्या लोकांशी खेळलो. एका परदेशी माणसानं मला धोब्यासारखं आपटलं. जगात कुणीच आमचा नियम पाळत नव्हतं. सहा महिने गुपचूप बसून मी पकड शिकलो. माझा तिसरा गडी पैलवान, तो त्यासाठीच.

आज नागेंद्रला दोनदा धरलं. त्याला कळेचना मी कुठून आलो. कंट्रोलर खाली ठेवून म्हणाला, "हे काय करालास? हे आपल्यात न्हवतं." मी म्हटलं समर्थच्या नियमात आहे. मग म्हणाला, "परत कर. कसा येतोस ते बघू दे." म्हणजे माझी विद्या घ्यायला आलाय. मी केलं नाही.

तो गेल्यावर रूपाली म्हणाली, "अहो, त्यांच्याकडं जरा नीट बघा की." मी म्हटलं तेच तर करतोय.

२ फेब्रुवारी, रविवार

यावेळी मी वडगावला गेलो. न सांगता. शत्रूची जागा बघितलेली बरी.

मागाच्या खोलीत मंगलवहिनी आणि दोन कामगार. पूर्वी नागेंद्र स्वतः साड्यांचे काठ बघायचा, एक धागा हुकला तरी रात्रीचं जेवण टाकायचा. आता दारात खुर्ची टाकून बसतो. सुखी झालाय. चारही माग सुरू असताना तिथं माणसाला स्वतःचा विचार ऐकू येत नाही. आम्ही बोलत होतो, म्हणजे ओरडत होतो, आणि मध्येच तो म्हणाला, "तिसऱ्याचा धागा तुटला." वहिनी गेल्या, बघितलं, खरंच तुटला होता. माझं खोटं क्रमांक एक आणखी पक्कं झालं. असला कान, आणि मला म्हणतो ऐकू येत नाही.

मग हेडफोन कशाला?

परत येताना बसमध्ये उजेड पडला. त्याचा पुतण्या आदर्श बेंगळुरूत कॉम्प्युटरमध्ये आहे. मोठ्या सामन्यांत असं झाल्याचं मी वाचलंय: कानात कुणीतरी सांगत असतं, आता उडी, आता अडव. नागेंद्र पडद्यापुढं एवढा चिकटून बसतो तेही त्यासाठीच, फोनचा कॅमेरा कुठंतरी लावला असणार. तार नुसती दाखवायला.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सराव होता. मी मुद्दाम म्हटलं, हेडफोनविना एक होऊ दे. त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, नको. मी म्हटलं, का? म्हणाला, "नको म्हणलं न्हवं."

आरोपीनं एवढं स्पष्ट कधीच बोलू नये.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अर्ज दिला. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही भाषांत. समर्थला मराठी येतं, पण अर्ज एका भाषेत दिला की तो अपुरा वाटतो, ही या भागाची खोड आहे. मान्यवर महोदय यांस. विषय : हेडफोनबाबत तक्रार. खाली नाव घातलं नाही, 'एक हितचिंतक खेळाडू'. नागेंद्रचंही नाव घेतलं नाही. फक्त एवढंच की काही खेळाडू कानावर यंत्र चढवून बाहेरून मार्गदर्शन घेण्याची दाट शक्यता असून स्पर्धेच्या पावित्र्यास बाधा येण्याचा संभव नाकारता येत नाही. वाक्य लिहून झालं तेव्हा मला स्वतःलाच पटलं.

वीस वर्षांत दुसऱ्यांसाठी हजारो अर्ज लिहिले, त्यातले निम्मे फायलीत कुजले. हा स्वतःचा पहिला. तीन तासांत मंजूर. 'हेडफोन वापरण्यास सक्त मनाई.' समर्थ आमदार झाला पाहिजे.

१६ फेब्रुवारी, रविवार

नागेंद्र आला नाही. समर्थचा फोन आला, नागेंद्रनं नाव मागं घेतलं. कारण सांगितलं नाही.

काय सांगणार? चोरी पकडली की चोर कारण सांगत नाही. मी रूपालीला म्हटलं, बघ, मी म्हणत होतो. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "अर्ज तुम्हीच दिला न्हवं?" मी म्हटलं कुणी सांगितलं. म्हणाली, "नागेंद्रभावजींनी. काल फोन केलता. म्हणाले, 'पावित्र्यास बाधा' असं बेळगावात दुसरं कोण लिहितंय."

तव्यावरची भाकरी करपली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दुकान उघडायला गेलो तर मंगलवहिनी दारात. एकट्या. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद. मला वाटलं भांडायला आल्या. तयारीही केली.

त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "भावजी, एक अर्ज लिहायचाय. कन्नडात लागतोय. तुमच्याशिवाय कुणाकडं जाऊ?"

कागद पुढं सरकवले. डोळ्यांच्या दवाखान्याचे. मी टाइप करणारा माणूस, कागद आधी वरून खाली वाचतो आणि मग अर्थ लावतो. नाव : नागेंद्र. वय : एकोणपन्नास. मग आकडे, मग एक गोल नकाशा, जवळजवळ सगळा काळा, मधोमध नाण्याएवढं पांढरं. अर्ज अपंगत्वाच्या दाखल्याचा होता.

वहिनी सांगत होत्या ते मी इथं जमेल तसं लिहितो. तीन वर्षं झाली. आधी कडेनं दिसायचं बंद झालं. मोटरसायकल घेऊन एका गाईवर गेले. आता नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं, तेही धुरकट. डॉक्टर म्हणाले वर्षभरात तेही जाईल. भावांना, जावयाला कळलं तसं माग विकायचं बोलणं सुरू झालं, आता कशाला त्रास घेता, बसून खावा. घरात कुणी काही विचारत नाही, सगळे नुसते हात धरतात. मग हा खेळ निघाला. आदर्शनं हेडफोन आणून दिले. कोण डावीकडं आहे, कोण उजवीकडं, कुणी उडी मारली, कुणाचा फटका हवेत गेला, सगळं कानानं. सहा महिने रोज बसत होते.

"ह्येंना एवढंच बघायचं हुतं, भावजी," त्या म्हणाल्या, "की ज्याला कायबी ठावं न्हाय अशा माणसाबरोबर खेळून जिंकतोय का न्हाय. तुम्हाला मुद्दाम सांगितलं न्हवतं. तुम्ही आपला नेहमीसारखा संशय घेत बसला की ह्येंना बरं वाटायचं."

मी म्हटलं, अर्ज लिहितो. त्या म्हणाल्या लिहून ठेवा, सही होईल तेव्हा होईल, ते अजून दाखल्याला तयार नाहीत. आणि जाताना: "मी आलते हे सांगू नका. कळलं तर तुमच्याबरोबरबी खेळायचे न्हाईत."

दिवसभरात चार गिऱ्हाइकं परत पाठवली. कॅम्पातला रस्ता, पायरी, पेला, बोलून पाठव. सगळ्या नोंदी या वहीत आहेत, तारखेसकट. एवढा पुरावा गोळा करून एवढा चुकीचा निकाल कुठल्याही कोर्टानं दिला नसेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुकान बंद ठेवलं. रूपालीची ओढणी डोळ्यांवर बांधली, हेडफोन घातले आणि मशीनच्या सगळ्यात सोप्या गड्याशी खेळलो. सतरा वेळा हरलो. अठराव्या वेळी एक फटका लागला, माझा त्याला. मी ओरडलो. रूपाली दारात उभी होती, कधीपासून ते माहीत नाही.

खेळताना एक गोष्ट कळली आणि ती कळली नसती तर बरं झालं असतं. उडीला आवाज आहे. पडण्याला आहे. हवेतल्या मुठीलाही आहे. चालण्याला नाही. माणूस नुसता चालत पुढं आला तर कानाला काही कळत नाही. त्या दिवशी दोनदा धरला तेव्हा त्याला कळेना मी कुठून आलो, ते यामुळं. म्हणून म्हणाला, परत कर.

म्हणजे नागेंद्रला हरवायची किल्ली आता माझ्या खिशात आहे. चालत जायचं आणि धरायचं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बंदी उठवायला हवी, पण कारण देता येत नाही. खरं कारण माझं नाही.

मग मला जे येतं ते केलं. दुसरा अर्ज. विषय : प्रेक्षकांतून होणाऱ्या मार्गदर्शनाबाबत. हॉलमध्ये कोल्हापूरचे समर्थक मोठ्या संख्येनं हजर राहून आपापल्या खेळाडूंना ओरडून सूचना देण्याची दाट शक्यता असल्यानं प्रत्येक खेळाडूस आयोजकांनी स्वतःचे तारेचे हेडफोन सक्तीनं घालावेत. यावेळी खाली नाव घातलं, ठळक.

समर्थचा फोन आला. फार नम्र पोरगा. म्हणाला, "काका, आठवड्यापूर्वी एक अर्ज आलता, हेडफोन नको म्हणून. लिहिण्याची पद्धत जरा तुमच्यासारखीच हुती." मी म्हटलं असेल, बेळगावात पद्धत एकच आहे. तो म्हणाला, दोन्ही विचारात घेतो. मी म्हटलं दुसरा घे. संध्याकाळी नियम बदलला, सगळ्यांना सक्ती. खेळाडूंच्या ग्रुपवर माझ्या नावानं जे आलं ते इथं लिहीत नाही. एकानं विचारलंय, काका तिसऱ्या अर्जात टीव्ही बंद ठेवा म्हणणार काय.

मग नागेंद्रला फोन. सांगितलं, सगळ्यांच्या कानावर आता समर्थचे हेडफोन, तुझं यंत्र चालणार नाही, आता बघू कसा जिंकतोस. घाबरलास का? पलीकडून नुसता मागांचा खडखडाट. मी म्हटलं, ठीक आहे, मग मी ग्रुपवर टाकतो, वडगाववाले पळाले.

"नालायक," तो म्हणाला. "नाव घाल माझं."

२३ फेब्रुवारी, रविवार

निपाणी. लग्नाचा हॉल, मांडवाच्या झालरी अजून तशाच, स्टेजवर नवरा-नवरीच्या दोन खुर्च्या आणि त्यांच्यापुढं टीव्ही. चाळीसेक खेळाडू. निम्मी पोरं अशी की आम्ही खेळत होतो तेव्हा त्यांचे आईबाप एकमेकांना भेटलेही नव्हते. तरी आमचे गडी, आमचे डाव त्यांना पाठ.

चिठ्ठीत तिसऱ्या फेरीत मी आणि नागेंद्र समोरासमोर आलो.

मंगलवहिनींनी त्याला खुर्चीपर्यंत आणलं. बघणाऱ्याला वाटावं नवरा-बायको जरा जास्तच प्रेमात आहेत. त्यानं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबले, डावा-उजवा तपासला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बस." माझ्याकडे म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला.

पहिला माझा पडला. मग त्याचे दोन सलग पडले. मग माझा दुसरा. शेवटी माझा पैलवान आणि त्याचा आज्जा, पांढऱ्या दाढीचा, काठीवाला. दोघांची ताकद बोटभर उरलेली. एक फटका ज्याचा बसेल त्याचा सामना.

आता खरं लिहितो, या वहीत तरी. मला दोन रस्ते होते. उडी मारून जायचं, म्हणजे तो ऐकणार आणि मारणार. कुणाला काही कळलं नसतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, मी घरी येऊन स्वतःला मोठा माणूस समजलो असतो. पण ती भीक झाली असती. हात धरणाऱ्यांच्या रांगेत आणखी एक हात. उरला दुसरा रस्ता.

मी चालत गेलो. एक पाऊल. दुसरं. पार्लरमध्ये उठवून हाकललं असतं असलं काम, ते मी सगळ्या निपाणीसमोर एका नजर गेलेल्या माणसावर करत होतो. नागेंद्रचे हात स्थिर. आज्जा उभा. तिसरं पाऊल, पैलवानाचे हात पोहोचतील एवढं अंतर, आणि मी बटण दाबणार तेवढ्यात काठी.

दाबायच्या आधी. हे लक्षात ठेवायचं, दाबायच्या आधी. मी हात आखडला नाही. बटणावर बोट होतं आणि तोवर पैलवान पालथा पडला होता.

हॉल ओरडला. नागेंद्रला ते ऐकू आलं नाही, कानात हेडफोन. त्याला फक्त माझा गडी पडल्याचा आवाज आला असणार. तो तसाच बसून राहिला.

मग मी उठलो आणि म्हटलं, मला याचे हेडफोन तपासायचे आहेत. पहिल्यांदा हॉल हसला. मी हसलो नाही हे बघून मग चिडला. समर्थ म्हणाला, काका, ते आमचेच आहेत, तुमच्याच अर्जावरून दिलेत. मी म्हटलं तरी तपासणार, हा माणूस असा खेळूच शकत नाही. मागून कुणीतरी म्हणालं, लाज काढली बेळगावची. मी तार उलगडून बघितली, कानाला लावून बघितले, गादी काढून आत बघितलं. मंगलवहिनी माझ्याकडे बघत होत्या, मी तिकडं बघितलं नाही.

नागेंद्र खुर्चीत मागं रेलला होता. सगळा हॉल माझ्यावर चिडलेला आणि हा एकटा खूश. म्हणाला, "बघू दे त्याला. नीट बघ, शिवराज. कायबी ठेवू नको."

पुढच्या फेरीत कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या पोरानं त्याला हरवलं, चषकही त्यानंच नेला. आम्ही सीमाभागातले लोक जिथं जायला पिढ्यान्‌पिढ्या अर्ज देतोय, तिथं चषक एका दुपारीत गेला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी अकराला नागेंद्र दुकानात. मंगलवहिनी त्याला सोडून झेरॉक्स मशीनपाशी उभ्या राहिल्या आणि उगाच जुन्या निविदेची जाहिरात वाचू लागल्या.

तो बसला. थोडा वेळ पंख्याचा आवाज ऐकला.

"तू चालत आलास," तो म्हणाला.

मी म्हटलं, कधी?

"काल. शेवटाला. ज्याला ठावं न्हाय त्यो उडी मारतोय. तू गप्प झालास, म्हंजे चालत येतोयस. आणि चालत येतोयस म्हंजे तुला ठावं हाय." मंगलवहिनींची पाठ एकदम ताठ झाली. "कवापासनं?"

"मंगळवारपासून."

त्यानं मान हलवली. मला वाटलं आता उठून जाईल, आणि गेला असता तर मला काही म्हणता आलं नसतं. पण तो म्हणाला, "ठावं असूनबी धराय आलास."

"आलो."

"आंधळ्याला."

"हो."

"आणि वर हेडफोन उसवून बघितलास, चारचौघांत."

तो हसायला लागला. आवाज न करता, नुसते खांदे. मग थांबला आणि टेबलाच्या कडेवरून हात फिरवत म्हणाला, "सगळी लई गोड बोलत्यात आता माझ्यासंगं. भाऊ, जावई. डॉक्टरबी. तू तेवढा बोलू नको."

मी म्हटलं, मला येतच नाही.

"ठावं हाय," तो म्हणाला. "दे कागद. लिहून ठेवलायस म्हणं."

वहिनी जाहिरात वाचत होत्या. एक शंका मला तेव्हाच आली आणि ती अजून आहे: त्या मंगळवारी वहिनी आपल्या मनानं आल्या होत्या, की बंदी उठवायला यानंच पाठवलं होतं? विचारलं असतं तर दोघंही नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

अर्ज वाचून दाखवला, कन्नडात एकदा, मग मराठीत. त्यानं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. 'पूर्णतः परावलंबी' कापायला लावलं. पेन दिलं, त्याचं बोट धरून सहीच्या जागी टेकवलं. सही केली ती रेघ सोडून वर गेली, थेट तारखेत.

मी म्हटलं, वाकडी झाली. परत कर.

त्यानं मला एक शिवी दिली, नवा कागद मागितला आणि परत केली.